टेबलाखालचे राज्य

मित्रांनो, मी एक जुने कटिंग टेबल आहे. फणसाच्या लाकडाचे, रुंद, आणि एका पायात जोड असलेले. राज्यांची नवी रचना झाली, त्यानंतर थोड्याच दिवसांनी येलवालच्या सुताराने मला घडवले. म्हैसुरात दामोदरराव शिंप्यांच्या दुकानात मी कामाला लागले.

माझ्यावर लग्नाचे कोट बेतले गेले, शाळेचे गणवेश बेतले गेले. दामोदररावांचा हात सरळ चाले, तरी कात्री कधीतरी मला लागायचीच. ते ओरखडे अजून आहेत. "असं सपाट टेबल गावात नाही," असे गिऱ्हाईक म्हणाले की मला बरे वाटे.

माझ्याखाली मात्र वेगळेच काम चाले. दामोदररावांची धाकटी वनजा तिथे चिंध्यांत बसायची. माझे चार पाय म्हणजे तिच्या राज्याच्या चार वेशी. शिलाई यंत्र म्हणजे लोखंडी पायांचा राक्षस. तिथल्या राणीची सावली हरवली होती आणि ती चिंध्यांतून नवी शिवायची होती.

"अप्पा, पुढं सांगू?" ती खालून विचारी.

"सुम्ने, गप बस गं. खोट्या गोष्टींनी शर्टाला काज होत नाही."

पुढे लोक तयार कपडे घेऊ लागले आणि दुकान बंद झाले. मी मागच्या पडवीत गेले. माझ्यावर रंगाचे डबे आले, पायाला वाळवी लागली. त्या काळाविषयी फार बोलवत नाही.

तिथून मला वनजाची मैत्रीण कृष्णवेणी हिने आपल्या पुस्तकांच्या दुकानात नेले. खराब पाय कापून जोड दिला. अक्षरे मी अशी उतारवयात शिकले. रोज थोडी, पाठीवर येतील तशी.

एके वर्षी पाठीवर वनजाचीच कादंबरी आली. टेबलाखालचे राज्य तिने कन्नडमध्ये लिहिले होते. प्रकाशन याच दुकानात महानवमीला ठरले, कारण दसऱ्याला गावात माणसांची गर्दी असते. वनजाला एकच हवे होते. अप्पांनी ती गोष्ट एकदा शेवटपर्यंत ऐकावी.

दुपारी दामोदरराव आले ते कात्री घेऊन. नवमीला हत्यारांची आयुधपूजा असते, आणि त्या दिवशी ते मला कधी विसरले नव्हते. कृष्णवेणी बाहेर खुर्च्या मांडत होती. त्यांनी माझ्यावर कात्री ठेवली. जरा थांबले. मग नव्या पुस्तकांचा सगळा गठ्ठा कात्रीशेजारी मांडला, हळदकुंकू लावले, शेवंती वाहिली आणि निघायला वळले.

कृष्णवेणी आत आली आणि कपाळाला हात लावून उभी राहिली. पूजेत मांडलेली हत्यारे आणि पुस्तके दुसऱ्या सकाळपर्यंत हलवायची नाहीत, हे तिच्याही घरी पाळत.

"अप्पा, आता वनजा वाचणार कशातून? लोक आले की."

"उद्या वाचू दे. आज हत्यारांना रजा," ते म्हणाले. मग त्यांचा चेहरा उतरला. "चुकलं काय माझं?"

वनजाही आत आली होती आणि कात्रीशेजारच्या पुस्तकांकडे बघत होती. "नाही अप्पा. पण आता तोंडानंच सांगावं लागेल. तुम्ही स्वल्प बसा. मी विसरले तर आठवण करून द्यायला, तेव्हा टेबलापाशी दुसरं कोण होतं?"

दामोदरराव मागच्या खुर्चीत बसले. वनजा कन्नडमध्ये सांगू लागली आणि मध्येच घरच्या मराठीत घसरू लागली. राणीच्या सावलीला पहिला निळा तुकडा जोडला, असे ती म्हणाली.

"निळा नव्हे," मागून आवाज आला. "मोरपिशी. साटीन होतं ते. तुझ्या मावशीच्या ब्लाउजचं."

सगळे हसले. वनजाही हसली. "म्हणजे तुम्ही ऐकत होता?"

"कान काय बंद होते? हात कामात होते. पुढं सांग."

ती सावली पुरी शिवून होईपर्यंत ते उठले नाहीत.

दुसऱ्या सकाळी दामोदररावांनी फुले उतरवली आणि पहिली प्रत स्वतः उघडली. "निळा कुठं लिहिलंय, दाखव." वनजाने ते खोडून वर मोरपिशी लिहिले. ती प्रत त्यांनी कात्रीबरोबर पिशवीत घातली.

कृष्णवेणीला मला रंधा मारून गुळगुळीत करायचे होते. दामोदररावांनी नको म्हटले, म्हणून माझे ओरखडे राहिले. मित्रांनो, तुमच्याही पडवीत माझ्यासारखे कोणी पडलेले असेल. त्याला वाळवीच्या हवाली करू नका. आणि टाकून द्यायचेच झाले, तर आधी एकदा वाकून खाली बघा. तिथे कोणी गोष्ट सांगत बसले असेल.