खाली बांधलेली ताडपत्री

मित्रांनो, मी एक जुनी निळी ताडपत्री आहे. गोल बाजारातून दयाराम आणि शेवंता या नवराबायकोने मला आणलं. नवा रायपुरातल्या एका रुंद रस्त्याच्या कडेला त्यांचा चहाचा ठेला. आजूबाजूला एक झाड नाही, मीच काय ते छप्पर. गिऱ्हाईक आत आलं की "हुश्श" म्हणायचं आणि मी फुशारून जायचे.

एका मे महिन्यात ती फुशारकी उतरली. माझा कोपरा सुटला म्हणून दयाराम शिडीवर चढला. वारा आला, मी फुगले, शिडी कलली आणि तो भर उन्हात पाठीवर आपटला. दोष वाऱ्याचा असेल, पण त्याच्या हातातली दोरी माझीच होती.

"उठा ना वो! असे काहून पडून राहिले?" शेवंताने त्याच्या काखेत हात घातले.

"छाँव में ले चलो, पानी पिलाओ!" म्हणत दोन गिऱ्हाइकांनी त्याचे पाय धरले. सगळे भल्यासाठीच धडपडत होते.

"थांबा! कोणी उचलू नका!" निवृत्त रेल्वे गार्ड अनंतराव चहा टाकून धावले. नोकरीत ते प्रथमोपचार शिकले होते. गुडघ्यांवर बसून त्यांनी दयारामचं डोकं होतं तसंच दोन्ही तळव्यांत धरलं. "बोल, पण मान हलवू नको."

"काका, मान लई दुखते. पायाले मुंग्या येऊन राहिल्या."

अनंतरावांचा चेहरा उतरला. "कण्याले मार लागला असन. आता उचललं तर जन्मभर अंथरुणाले खिळन. पाणी नको पाजू. १०८ ले फोन लावा."

"पण काका, या उन्हात भाजून निघतीन ना हे!"

"मंग त्याले सावलीत नको नेऊ. सावली इकडं आण."

शेवंताने सुरीने माझ्या दोऱ्या कापल्या. घाईत एक कोपरा टर्रकन फाटला. पाय धरणाऱ्या त्या दोघांसह चौघांनी मला दयारामवर धरलं. अर्धा तास अनंतरावांचे हात जागचे हलले नाहीत. मीही एकदासुद्धा फुगले नाही. मग रुग्णवाहिकेच्या लोकांनी त्याच्या मानेला पट्टा लावला आणि सगळ्यांनी मिळून, अंग जराही न पिळता, त्याला फळीवर घेतलं.

मणक्याला तडा गेला होता, पण आतला मज्जारज्जू वाचला. शेवंता मात्र माझं तोंड बघेना. नवी ताडपत्री आली आणि मी ठेल्याखाली गेले. वाईट वाटलं, तरी तिचा राग मला पटत होता.

पाच महिन्यांनी दयाराम हळूहळू चालत आला. "आपली जुनी कुठं गेली?"

"फेकून द्याची हाय तिले. तिच्यापायीच पडले ना तुमी."

"हव, पडलो. पण अर्धा तास डोळ्यांपुढं तेच निळं होतं. ते पाहूनच धीर धरला. काढ तिले."

शेवंताने मला धुतलं, कोपरा शिवला, नवी ताडपत्री उतरवली आणि छपराचे बांबूच आखूड करून घेतले. आता मला बांधायला शिडी लागत नाही. उंच गिऱ्हाइकांना वाकून आत यावं लागतं, पण कुणी कुरकुरत नाही.

मित्रांनो, कोणी असं पडलं तर त्याला उचलायची घाई करू नका. मदत बोलवा, डोकं स्थिर धरा आणि ऊन असेल तर सावली त्याच्याकडे न्या.

अनंतराव अजून रोज चहाला येतात. दयाराम हात जोडतो आणि मान चांगली खालपर्यंत लववतो. ती लवलेली मान मी वरून बघते, आणि माझं जुनं अंग कृतज्ञतेने भरून येतं.