जुन्यासारखंच मशीन

"म्या पाय काढला हुता, इब्राहिमभाई! पाय काढला हुता!" ज्योतीराम ओरडत होता आणि त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं प्रेसखाली राहिली होती. माझ्या हातातून पाना पडला.

चौऱ्याहत्तर साल. ज्योतीराम अकरा वर्षं आमच्या चिंचवडच्या वर्कशॉपात पत्रा दाबायच्या मशीनवर होता. पॅडल दाबलं की वरचा ठोकळा खाली येणार, पाय काढला की असेल तिथे थांबणार. पत्रा वाकडा बसला की तो पाय काढायचा आणि हात घालून सरळ करायचा. कोपऱ्यातलं जर्मन मशीन तर सगळंच निराळं, त्याला पॅडलऐवजी दांडा. पण दांडा सोडला की तेही थांबायचं, म्हणून त्यावर तो पहिल्या दिवसापासून बिनधास्त होता.

त्या दिवशी त्याला दिलेलं नवं मशीन मात्र घरचं. जुन्याच्याच नकाशावरून बनवलेलं. तीच बॉडी, तेच पॅडल. फक्त माल भराभर निघावा म्हणून आतला क्लच बदलायचा हुकूम आला होता. आता एकदा पॅडल दाबलं की ठोकळा पुरता खाली येणारच, पाय काढा नाहीतर ठेवा. तो क्लच मीच बसवला होता. सकाळी सुपरवायझर उद्धवराव ज्योतीरामला म्हणाले, "जुन्याचंच पोर आहे हे, बस खुशाल." मी शेजारी उभा होतो. साहेब पुढचं सांगतील, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मी गप्प बसलो.

दुपारी दवाखान्यात गेलो. "उद्धवरावांनी रिपोर्टात तुझा निष्काळजीपणा लिहिलाय," मी म्हणालो. मग क्लचचंही सांगून टाकलं.

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"म्हंजे पाय काढून बी ते थांबत न्हाई?"

"नाही."

"आन् तुला ठाव हुतं?"

"होतं, राव."

एकदम तो उठून बसला. "आता दुसऱ्या शिफ्टला त्याच्यावर कोण हाय?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. "भिमाजी."

"मग हितं माझं त्वांड काय बघतुयास? पळ!"

सायकल हाणत वर्कशॉप गाठलं. रक्त पुसून मशीन चालूही केलेलं होतं. भिमाजी पत्रा लावत होता, पाय पॅडलवर. मी मेन स्विच खाली ओढला. सगळं वर्कशॉप गप्प झालं.

उद्धवराव धावत आले. "कुणी बंद केलं?"

"मी. ज्योतीरामची चूक नाही, साहेब. पाय काढला तरी हे मशीन थांबत नाही. मला ते माहीत होतं."

भिमाजी आपल्या दोन्ही हातांकडे बघत राहिला.