कॅश्यूफ्लोची गिऱ्हाइकं

माझ्या भावाने, खालिदने, काजू कारखान्यांसाठी एक सॉफ्टवेअर केलं. कच्ची बी किती आली, गर किती निघाला, तुकडा किती पडला, सगळं फोनवर दिसतं. काम चोख. नावही साधं, 'गर'. ईदपर्यंत दहा कारखान्यांनी घेतलं तर तो वेंगुर्ल्यात राहणार, नाहीतर आखातात नोकरी बघणार, असं त्याने अम्मीला सांगून टाकलं. अब्बांची अठरा वर्षं आखातात गेली होती. मुलाच्या तोंडून तेच ऐकल्यावर अम्मी दोन दिवस धड जेवली नाही.

मी म्हटलं, कारखाने गावातच आहेत, स्कूटर काढ आणि जा. पण सरळ रस्त्याने जाईल तो आमचा खालिद कसला! त्याने पुण्याचा ओमकार गाठला. ओमकार सोशल मीडियावरच्या जाहिराती सुधारून द्यायचा आणि स्वतःला परफॉर्मन्स मार्केटर म्हणवून घ्यायचा. पहिल्याच दिवशी त्याने 'गर'चं 'कॅश्यूफ्लो' केलं. यात विनोद आहे म्हणाला. असेल, आम्हाला कुणाला सापडला नाही.

आठवडाभर त्या जाहिरातीकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मग ओमकारने सुधारणा केली. काजूचा फोटो काढून खालिदचा लावला. निळा शर्ट, हाताची घडी, आणि खाली ओळ: 'मी तयार आहे. तुम्ही?'

"मालकाचा चेहरा बघून लोक विश्वास ठेवतात," ओमकार म्हणाला.

ठेवला की. आमच्या अम्मीने ठेवला. पहाटे फजरची नमाज झाली की ती चष्मा लावून जाहिरात दाबायची. चहाच्या आधी एकदा, चहानंतर एकदा, भात शिजत टाकला की परत.

"माझ्या झिलाचो धंदो चलाक व्हयो मा!" म्हणायची.

आता जाहिराती दाखवणाऱ्या यंत्राची रीत अशी, आणि ही मला ओमकारनेच मोठ्या अभिमानाने समजावली होती, की जो जाहिरात दाबतो त्याच्यासारखी माणसं ते शोधून काढतं आणि जाहिरात त्यांना दाखवतं. यंत्र बिचारं इमानी. त्याने आमच्या अम्मीसारख्या बायका शोधल्या. आचऱ्यापासून मुंब्र्यापर्यंत आणि तिथून कुवेतपर्यंत जेवढ्या म्हणून पन्नाशीच्या, चष्मेवाल्या, लग्नाच्या मुलींच्या आया होत्या, त्या सगळ्यांसमोर खालिद हाताची घडी घालून उभा राहिला आणि विचारू लागला, मी तयार आहे, तुम्ही?

त्याही तयारच होत्या. जाहिरातीखाली चौकशीचा फॉर्म होता. फॉर्मवर फॉर्म आले. ते वाचून फोन करायचं काम माझं. 'आपला हुद्दा?' आई. 'आपल्याकडे माणसं किती?' घरात सात, दोन कतारला. 'आपली नेमकी गरज?' मुलगी बी.कॉम., उंची पाच-तीन, स्वयंपाक येतो. 'डेमो कधी हवा?' या प्रश्नापुढे एकीने लिहिलं होतं, शुक्रवारी या, जेवूनच जा.

कारखानदार औषधालाही नाही. मी ओमकारला फोन लावला. "अरे, ही सगळी स्थळं आहेत!"

"मॅडम, दोनशे बारा लीड्स आहेत," तो म्हणाला. फॉर्म भरणाऱ्या माणसाला तो लीड म्हणे. "एका लीडचा खर्च सत्त्याऐंशी टक्क्यांनी उतरलाय. पुढे विकणं हा तुमच्या सेल्स टीमचा प्रश्न."

सेल्स टीम म्हणजे मी एकटी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण खरं सांगते, त्याच्याइतकाच मला स्वतःचाही राग आला. अम्मीचा हात मी वेळीच धरायला हवा होता. नाही धरला. मुलगा घरी राहावा म्हणून करण्यासारखं तिच्याकडे तेवढंच होतं, ते मी कुठल्या तोंडाने काढून घेणार?

दोनशे तेरावा फॉर्म मस्कतहून आला. मी फोन केला तो नुरुद्दीनशेठनी उचलला. मूळचे आमच्याच बाजूचे. त्यांची कंपनी तिथल्या दुकानांना बिलाचं सॉफ्टवेअर विकते.

"फॉर्म माझ्या बायलेन भरलो," ते म्हणाले. "आमच्या इफ्रासाठी. पण मी म्हटलंय, जो झील माझ्या बायलेक फॉर्म भरूक लावता, तो काय पण विकतलो. तेका हंय मस्कताक नोकरीक ठेवतंय, माझ्या जाहिराती बघूक. लग्नाचा मागसून बघया."

ईदला नऊ दिवस उरले होते आणि कारखाने होते शून्य. खालिदने होकार कळवला. अम्मीला सांगायची हिंमत मात्र त्याला होईना, तो नुसता घरात इकडून तिकडे फिरत राहिला.

त्याच संध्याकाळी ओमकारचा अहवाल आला, 'कॅश्यूफ्लो: एक यशोगाथा'. पानभर हिरवे बाण, सगळे वर जाणारे. अम्मीला अक्षरं लागली नाहीत, बाण मात्र समजले. तिचा चेहरा असा फुलला की मला तिच्याकडे बघवेना.

"एवढी माणसां इली?" ती म्हणाली. "मगे खालिद आता हंयच रवतलो मा, सनोबर?"

मी खालिदकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता. म्हणजे हेही सेल्स टीमनेच करायचं.

"अम्मी, सौदो एकच झालो," मी म्हटलं. "मस्कतच्या एका शेठान घेतल्यान. सॉफ्टवेअर नाय, खालिदाक."