पाठमोरं गाव

कोयनानगरच्या वरच्या अंगाला जांभळवाडी आहे, आणि तिथल्या सरकारी माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणजे उमाबाई. मूळच्या वाईच्या. बदली झाली तेव्हा घरच्यांनी दोन वर्षं कशीबशी काढ आणि खाली ये म्हणून सांगितलं होतं. बाई काही खाली आल्या नाहीत. शाळेत त्यांचा जीव गुंतला, आणि त्याहून जास्त एका हट्टात गुंतला. दहावीचं परीक्षा केंद्र जांभळवाडीला मिळालंच पाहिजे, हा तो हट्ट.

तोवर इथली मुलं पेपर द्यायला घाट उतरून पाटणला जायची. पहाटे जीपमध्ये कोंबून बसायचं, वळणावळणांवर ओकत जायचं आणि तशाच रिकाम्या पोटानं, गरगरत्या डोक्यानं पेपर लिहायचा. एका वर्षी जीप घाटातच बंद पडली. पोरं उरलेला रस्ता धावत गेली. त्यातली एक हुशार मुलगी बाकावर बसल्या बसल्या चक्कर येऊन पडली आणि तिचा पेपर राहिला. वर्षभर ती शेणगोठा करत बसली. ते बाईंच्या मनातून जाईना.

दर पावसाळ्यात विभागीय मंडळ नव्या केंद्रांचे प्रस्ताव मागवतं, तपासणीला माणसं पाठवतं आणि दिवाळीनंतर यादी लावतं. बाई दर पावसाळ्यात प्रस्ताव पाठवायच्या. कधी पट कमी म्हणून तो परत यायचा, कधी कुंपण नाही म्हणून, कधी कॅमेरे नाहीत म्हणून. मग गावानं श्रमदान करून दगडी कुंपण घातलं. मुंबईला कामाला असलेल्या पोरांनी कॅमेरे पाठवले. अखेर मंडळाच्या नव्या सचिव स्वप्ना बनसोडे स्वतः घाट चढून आल्या, खोल्या पाहिल्या, कुंपणाला फेरी मारली आणि केंद्र दिलं. पण एका वर्षापुरतं. एक जरी गैरप्रकार झाला तरी केंद्र रद्द, हे त्यांनी जाताना स्पष्ट सांगितलं.

मार्चमध्ये परीक्षा सुरू झाली. कॉपीवर नजर ठेवायला मंडळ बाहेरचे शिक्षक केंद्रावर बसवून ठेवतं, त्याला बैठं पथक म्हणतात. जांभळवाडीच्या पथकाचे प्रमुख आले आटपाडीहून. आप्पासाहेब त्यांचं नाव. उंच, किडकिडीत, नियम तोंडपाठ असलेला माणूस. पहिल्याच दिवशी त्यांनी पोरांचे मोजेसुद्धा काढून पाहिले, आणि पाणी देणाऱ्या शिपायाला मुलांशी एक शब्द बोलायचा नाही म्हणून तंबी दिली. शाळेतले धम्मपाल सर वैतागले. बाईंनी त्यांना समजावलं की माणूस कडक असला तर बरंच आहे, उद्या आपल्यावर बोट दाखवायला कुणाला जागा राहणार नाही.

भूमितीच्या पेपरापर्यंत सगळं सुरळीत पार पडलं.

त्या दिवशी पेपर निम्म्यावर आला असेल, तोच जमिनीखालून ट्रक गेल्यासारखी घरघर आली आणि खिडक्यांची तावदानं थरथरली. कोयनेच्या पोरांना याचं काही नवल नव्हतं. कुणी कंपास उत्तरपत्रिकेवर दाबून धरला, कुणी मान वर केली, आणि सगळी पुन्हा लिहायला लागली. आप्पासाहेब मात्र दुष्काळी मुलखातला माणूस. पायाखालची जमीन हलते हे त्यांनी फक्त ऐकलं होतं. ते कधी उठले आणि मैदानाच्या मधोमध कधी जाऊन उभे राहिले, हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

ते ओशाळून परत यायला निघाले तेवढ्यात दुसरा धक्का बसला. हा मोठा होता. धम्मपाल सरांच्या खोलीतली कौलं धडाधड घसरली आणि मागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला. सर दारात हात पसरून उभे राहिले आणि एकेका पोराला बाहेर काढू लागले. बाईंनी व्हरांड्यातून आवाज दिला. उत्तरपत्रिका पालथ्या करायच्या, छातीशी धरायच्या, ओळ मोडायची नाही, तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. भूकंपाची कवायत लहानपणापासून अंगवळणी पडलेली पोरं होती. बघता बघता सगळ्या खोल्या रिकाम्या झाल्या. खरचटलंसुद्धा नाही कुणाला.

जांभळाच्या झाडांखाली मुलं उभी राहिली आणि बाईंनी मंडळाला फोन लावला. लागेना. पाटणला लावला, तोही लागेना. धक्का बसला की वरच्या भागात फोन असेच बंद पडतात.

आप्पासाहेब जवळ आले. त्यांचा चेहरा अजून पांढराफटक होता, पण नियम शुद्धीवर आले होते. उत्तरपत्रिका कक्षाबाहेर आली की परीक्षा थांबवायची, सगळं सील करायचं आणि मंडळाच्या आदेशाची वाट बघायची, असं त्यांचं म्हणणं पडलं. कॅमेरे खोल्यांमध्ये आहेत, मैदानात नाहीत, हेही त्यांनी सांगितलं.

"नियम मलाही माहीत आहेत, सर," बाई म्हणाल्या. "पण त्या खोल्यांत मी पोरं परत बसवणार नाही. आणि अर्ध्या पेपरावर घरीही धाडणार नाही. इथंच लिहितील. जबाबदारी माझी. तुम्ही जे बघाल ते लिहा."

आप्पासाहेबांनी पेन काढून वेळ टिपून ठेवली.

शिपायानं अंतर मोजायला टेप आणली. खोलीत असतं त्याहून जास्त अंतर सोडून मुलं जमिनीवर बसली, मांडीवर पॅड, वर झाडांची सावली. पर्यवेक्षक ओळींमधून उभे राहिले. लिहायला सुरुवात झाली आणि तेवढ्यात कुंपणापाशी गाव लोटलं. बायका रानातून तशाच विळे हातात घेऊन आलेल्या, म्हातारे अनवाणी. शाळा पडली असं कुणीतरी ओरडत गेलं होतं. प्रत्येक जण आपलं पोर शोधत कुंपणावरून आत डोकावत होता. कुणी नावानं हाका मारत होतं.

बाईंनी कुंपणाकडे पाहिलं. उघडं मैदान, कमरेएवढं कुंपण आणि पलीकडे अख्खं गाव. एखाद्यानं नुसतं बोट वर केलं असतं तरी सारं संपलं असतं.

गर्दीत पुढेच आक्काताई होत्या. त्यांची नात साक्षी आत पहिल्या ओळीत बसली होती. गावात आक्काताईंचा शब्द सहसा कुणी खाली पडू देत नाही. बाई त्यांच्यापाशी गेल्या, पोरं सुखरूप आहेत हे सांगितलं, आणि मग हळू आवाजात म्हणाल्या, "आक्काताई, यांना जा म्हटलं तर जीव राहणार नाही, कळतं मला. थांबू दे. पण आत कुणी बघायचं नाही. पोरांचं वर्ष यावर आहे."

आक्काताईंनी एकदा नातीकडे डोळे भरून पाहिलं. मग त्या वळल्या आणि कुंपणाला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"आवं, बघताय काय? फिरा की समदी," त्या म्हणाल्या. "पोरं धड हायती. त्यास्नी लिवू द्या. मागं वळून बघंल त्यो आपल्या गावचा न्हाई."

आणि गाव फिरलं. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सगळी माणसं डोंगराकडे तोंड करून उभी राहिली. हाका थांबल्या. मध्येच पायाखाली पुन्हा बारीक घरघर झाली. एका आईच्या खांद्याला हिसका बसला, शेजारणीनं तिचा हात घट्ट धरला, पण तिनंही मान वळवली नाही. आप्पासाहेब कुंपणाच्या आतून टोकापासून टोकापर्यंत चालत राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी खिडक्यांना लोंबकळणारे बाप पाहिले होते, भिंतीवरून चिठ्ठ्या फेकणारे भाऊ पाहिले होते. इथं त्यांना नुसत्या पाठी दिसत होत्या.

वाया गेलेला वेळ बाईंनी मुलांना वाढवून दिला आणि मग गठ्ठे सील केले. आप्पासाहेबांनी आपला अहवाल लिहिला, पाकिटात घातला आणि ते गाडीत बसले.

पुढचे पेपर कोयनानगरच्या एका मोठ्या हॉलमध्ये झाले. पण त्या दिवशी खालच्या रस्त्यावरून कुणीतरी व्हिडिओ काढला होता. मैदानात बसलेली मुलं, भोवती गावाचा गराडा. लांबून पाठ कुठली आणि तोंड कुठलं, कळत नव्हतं. उघड्यावर परीक्षा, कॉपीचा बाजार, असं लिहून तो साताऱ्यापासून सांगलीपर्यंत मोबाइलवर फिरला. मंडळानं बाईंना चौकशीला बोलावलं. केंद्र गेलं असं मनाशी धरूनच त्या निघाल्या. मुलांचे निकाल तरी अडकू नयेत, एवढंच त्यांना मागायचं होतं.

स्वप्ना बनसोडे मॅडम टेबलापलीकडे बसल्या होत्या, आप्पासाहेब कडेच्या खुर्चीवर. मॅडमनी बाईंना काही विचारलं नाही. पथकाचा अहवाल पुढे ओढला आणि आप्पासाहेबांनाच बोलायला सांगितलं.

आप्पासाहेब उठून उभे राहिले. "मॅडम, त्या दिवशी केंद्रावर एकच माणूस आपली जागा सोडून पळाला. तो मी," ते म्हणाले. "पोरं हालली न्हाईत. बाई हालल्या न्हाईत. मी परीक्षा थांबवा म्हणत होतो, माझं चुकलं. आणि गावाचं म्हणाल तर, मी आजवर लय केंद्रं बघितली. अख्खं गाव पोरांकडं पाठ करून उभं राहिलेलं पहिल्यांदाच बघितलं. कॉपी झाली असंल तर माझी नोकरी घ्या."

मग मॅडमनी सांगितलं की त्या केंद्राच्या भूमितीच्या उत्तरपत्रिका मुद्दाम वेगळ्या काढून नियामकांकडून, म्हणजे तपासनिसांच्या वरच्या शिक्षकांकडून, पुन्हा तपासून घेतल्या होत्या. एकाचं पाहून दुसऱ्यानं उतरवलेलं काही निघालं नव्हतं. चुकासुद्धा ज्याच्या त्याच्या होत्या.

"एक वर्षाची अट मी काढून टाकतेय, उमाताई," मॅडम म्हणाल्या. "केंद्र कायम. आणि शाळेची दुरुस्ती पावसाआधी व्हावी म्हणून जिल्हा परिषदेला मी स्वतः बोलते."

बाईंना आभारही नीट मानता आले नाहीत. बाहेर आल्यावर जिन्यातच त्या हसायला लागल्या आणि आप्पासाहेबांना कळेना की यांना झालं काय. शेवटी तेही हसले. घरी जाताना दोघांनी स्टँडसमोर उसाचा रस घेतला, आणि पैसे कुणी द्यायचे यावर भांडले.

निकाल लागला तेव्हा जांभळवाडीत हलगी वाजली. साक्षी केंद्रात पहिली आली होती. तिला खांद्यावर घ्यायला पोरं धावली, तर ती लाजून शाळेमागं पळाली.

पुढच्या मार्चमध्ये नव्या भिंतींच्या शाळेत पहिल्या पेपराला बाई लवकरच येऊन उभ्या होत्या. धरणाच्या पाण्यापलीकडच्या वाड्यांमधली मुलंही यंदा याच केंद्राला जोडली होती. तिथली कित्येक मुलं आजवर केंद्र लांब म्हणून दहावीला बसायचा विचारच सोडून द्यायची. सकाळच्या उन्हात पाण्यावरून लाँच येताना दिसली, मुलांनी गच्च भरलेली. काठाला लागायच्या आधीच त्यातली मुलं हात हलवायला लागली, आणि बाई झपझप उतार उतरून त्यांना घ्यायला निघाल्या.