हंबगचा अर्थ

मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. पुण्यात छापला गेलो आणि सोलापुरात झिजलो. मित्रांनो, गिरणीत कारकून लागले तेव्हा शिवलिंगप्पांनी मला हौसेनं विकत घेतलं. गल्लीत कुणाचीही इंग्रजी चिठ्ठी आली की ते मला मांडीवर घेत आणि लोक हात जोडून उभे राहत. मलाही तेव्हा मोठा रुबाब वाटे.

त्यांच्या घरात धाकट्या भावाची विधवा जगदेवी राबत असे. १९७४ साली तिनं गुपचूप एका दवाखान्यात आयाच्या जागेसाठी अर्ज केला. पगार होता, राहायला खोली होती. शिवलिंगप्पांना सुगावा लागला. ही गेली तर फुकट भाकऱ्या कोण थापणार? बाई चोरटी आहे, अशी निनावी तक्रार त्यांनी इंग्रजीत लिहिली. स्पेलिंगं माझ्यातून काढली. मला लाज वाटली, पण पुस्तकाला तोंड मिटता येत नाही.

खंडेनवमीला जगदेवीच्या अर्जाला दवाखान्याचं इंग्रजी उत्तर आलं. मी तेव्हा पूजेत होतो, हळदकुंकवानं माखलेला. शिवलिंगप्पांनी ते पुटपुटत वाचलं. तक्रार म्हणजे निव्वळ हंबग आहे, बाईंनी आज पाचच्या आत हजर व्हावं, नाहीतर जागा दुसरीला जाईल.

जगदेवीला इंग्रजी अक्षरं तेवढी ओळखता येत. "भावजी, काय लिवलंय?"

"तुला हंबग म्हनत्यात. हंबग म्हंजी लबाड बाई. नोकरी न्हाय."

"कोशात बघू का?"

"पूजेतलं पुस्तक उगडतीस व्हय? देवीचा कोप हुईल!"

तिनं हात मागे घेतला. पाच वाजून गेले.

दसऱ्याला संध्याकाळी पूजा हलली. तिनं अक्षराला अक्षर लावून माझं पान शोधलं. हंबग: थोतांड, फसवणूक. उगम अज्ञात. या घरातला उगम मला पाठ होता, पण छापलेला नव्हता. मग तिनं त्या पत्राचा एकेक शब्द काढला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी धावत दवाखाना गाठला. तिच्या जागी दुसरी बाई कामाला लागली होती.

ती परत आली, चूल पेटवायला बसली आणि माझं पहिलं पान फाडलं. त्यानंतर रोज एक.

मित्रांनो, पुस्तकाला फुलं वाहू नका. उघडून बघा, वेळेवर बघा.

पुढं शिवलिंगप्पांना पेन्शनचं इंग्रजी पत्र आलं. कोश कुठाय म्हणून ते ओरडले. जगदेवीनं भाकरी उलटली.

"पुट्ठे हायत की, भावजी. पूजेला तेवढं पुरतंय."