दिव्याची साक्ष

काळेवाडीतल्या चर्चची वेबसाइट वर्षभर कुणी फारशी उघडली नव्हती. उपासनेची वेळ आणि इमारतीचा एक फोटो, एवढंच होतं तिच्यावर. पास्टर रोहिदास म्हणाले, "लोक इमारत बघून नाही, माणसं बघून येतात. प्रभूने आपलं आयुष्य कसं सावरलं, अशा आपल्या माणसांच्या साक्षी टाक." चिंचवडच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या स्वरूपाने ते मनावर घेतलं.

सगळ्यांत बोलकी साक्ष दिव्याची होती. नवऱ्याच्या माराला कंटाळून ती परभणीहून एकटी इकडे आली होती आणि निघोजेतल्या एका कंपनीत पॅकिंगला लागली होती. फोटोला ती नको म्हणाली.

"नाव बदलते की," स्वरूपा म्हणाली. "पण चेहरा नसला तर लोक वाचत नाहीत गं."

दिव्या गप्प राहिली. स्वरूपाने तो होकार धरला आणि फोटोसकट साक्ष साइटवर टाकली.

साइट चालली. पंधरा दिवसांत प्रार्थनेसाठी साठ विनंत्या आल्या. त्यांतली एक होती, "माझी बायको घरी यावी म्हणून प्रार्थना करा." दोन दिवसांनी त्याच नंबरवरून विचारणा आली, "रविवारी उपासना किती वाजता सुटते?" मग, "बायका कुठल्या बाजूला बसतात?"

स्वरूपाने नोंदी तपासल्या. एकाच फोनवरून दिव्याचं पान त्रेचाळीस वेळा उघडलं होतं. आणि प्रत्येक विनंतीला साइटने आपोआप उत्तर धाडलं होतं: तुमची वाट पाहतो. सोबत पत्ता आणि नकाशा.

पान काढून टाकून ती तशीच निघोजेला दिव्याच्या खोलीवर गेली. दिव्याने नंबर वाचला.

"त्यांचाच हाय," ती म्हणाली आणि पिशवी भरायला लागली.

"कुठे जाणार?"

"तुमाला न्हाई सांगत, ताई. दर शनिवारी मेसेज करीन, बरी हाय म्हणून."

रविवारी इस्त्रीचा शर्ट घातलेला एक माणूस मागच्या बाकावर बसला. उपासनाभर तो बायकांची एकेक रांग न्याहाळत होता. शेवटी स्वरूपापाशी आला.

"बायकोसाठी प्रार्थना मागितली होती, तो मी. साइट छान केलीय तुम्ही. पत्ता लगेच सापडला."

पास्टरांनी पोलिसांत अर्ज दिला. तरी तो चार रविवार येत राहिला. पाचव्या रविवारी आला नाही. लोकांना हायसं वाटलं.

स्वरूपाला मात्र बाकावर बसवेना. शनिवार उलटून गेला होता आणि दर आठवड्याला न चुकता येणारा दिव्याचा मेसेज आला नव्हता. उपासना अर्ध्यावर सोडून ती पोलीस चौकीकडे निघाली.