बामगोलवालीची किमची

बामगोलवाली गेली, तेव्हा मला वाटलं, माझ्या शेजारची जागा आता रिकामीच राहणार. बामगोल तिचं माहेर. आमच्याकडे बाईला तिच्या माहेरच्या गावावरूनच हाक मारतात. तारखेच्या शेवटी चार किंवा नऊ आला की, म्हणजे दर पाच दिवसांनी, आमचा बाजार भरतो. तिथं ती स्वतःच्या शेतातल्या कोवळ्या मुळ्याची, पाल्यासकट मीठ-मिरचीत मुरवलेली किमची विकायची आणि मी सुकी मासळी. तीस वर्षं आम्ही मांडीला मांडी लावून बसलो आणि एकही बाजार भांडल्याशिवाय गेला नाही.

उन्हाळा लागला आणि तिचा नवरा पिल्गू तिच्या जागेवर येऊन बसला. डबे उचलण्यापलीकडे या माणसानं जन्मात काही केलं नव्हतं.

"पिल्गूभाऊ, किमची कोणी केली?"

"मीच."

"मग खाणार कोण?"

तो हसला नाही. म्हणाला, "सुकटवाली, चाळीस वर्षं तिच्या हातचं खाल्लं, पण त्यात काय घालते ते कधी विचारलं नाही. आता घास घशाखाली उतरत नाही. मुळ्याचा हंगाम आहे तोवर ती चव एकदा लागायला हवी. घरी सांगणारं कोणी नाही. इथे सांगतील."

सांगतील? अहो, फाडून खाल्लं त्याला! पहिली आली ओक्बुन आजी. ऐंशीच्या पुढची म्हातारी, जीभ कात्रीसारखी. बामगोलवालीकडून किमची घेताना 'वर थोडी घाल गं' म्हणून मूठभर जास्तीची उकळल्याशिवाय ती कधी हलली नाही. तिनं पिल्गूची किमची चावली आणि तोंड वाकडं केलं.

"यात मीठ घातलंयस का समुद्र?"

"आजी, फुकट न्या."

"फुकटसुद्धा नको. माझ्या कुत्र्यानं काय पाप केलंय?"

शहरातल्या मोठ्या दुकानात असं कोणी बोलत नाही. माल आवडला नाही तर लोक गपचूप दुसरीकडे जातात. आमच्या बाजारात माणूस भांडतो आणि पाच दिवसांनी परत चाखायला येतो. या बाजाराचा मला अभिमान आहे तो याचसाठी.

मिठाची भानगड मीच सोडवली. "मीठ कसलं ओततोस? ती माझ्याकडून खारवलेला जवळा न्यायची." पुढच्या बाजारी मिरचीवाला दुकान सोडून आला. "पूड नाही रे बाबा! ओल्या लाल मिरच्या, त्याही जाडसर वाटलेल्या." धान्यवालीनं तर ओंजळभर सातू त्याच्या पिशवीतच ओतला. "हा शिजवून वाटणात घाल. एवढी वर्षं काय कोंबड्यांसाठी नेत होती?" बामगोलवालीनं कृती कुणालाच सांगितली नव्हती, पण लागेल ते सगळं आमच्याकडूनच घेतलं होतं. म्हणून प्रत्येकाला थोडंथोडं माहीत होतं.

तरी आजीची मान नकारार्थीच हलायची. "जवळ आलास. पण आंबलीय."

समोर शेवयांचं वाडगं घेऊन बसलेला बसचा ड्रायव्हर तिथूनच ओरडला, "आंबेल नाही तर काय! हा डबा इंजिनाशेजारी ठेवतो. ती खिडकीपाशी मांडीवर घेऊन बसायची, लेकरासारखा!"

मुळ्याचा तो शेवटचा बाजार. पिल्गू डबा मांडीवर घेऊन आला, विजार रसानं लाल झालेली. ओक्बुन आजीनं एक पान तोंडात टाकलं आणि चावत राहिली. आम्ही गिऱ्हाइकं सोडून तिच्या तोंडाकडे बघत होतो.

तिनं बरणी पुढे केली आणि सवयीनं म्हणाली, "वर थोडी घाल गं, बामगोलवाली."

आजीला आपण काय बोललो ते उमगलं, पण बरणी तिनं मागे घेतली नाही.

पिल्गू बरणी भरत राहिला. भरली तरी थांबेना.

"अरे पुरे! सांडेल!"

"असू द्या आजी. तिचा हात सढळ होता."

मग त्यानं स्वतः एक घास घेतला. मी त्याच्या गळ्याकडेच बघत होते.

उतरला.